सुरी आठवडाभरात बोथट करण्याची खात्रीशीर पद्धत

नव्या सुरीचे पहिले चार दिवस घरादाराला जड जातात. टोमॅटोच्या चकत्या आरपार दिसेल इतक्या पातळ पडतात, कांदा चिरताना डोळ्यांना हवं तेवढं पाणी येत नाही, आणि सासूबाई दर दहा मिनिटांनी ‘जपून हं’ म्हणतात. एवढं सुख आपल्याला सोसत नाही. पण घाबरू नका. ठाण्यात घोडबंदर रोडला टॉवरमध्ये तुमचा टू बीएचके असेल, तर सुरी बोथट करायची निम्मी सामग्री बिल्डरने चावीसोबतच दिलेली आहे.

ओट्यापासून सुरुवात करू. त्या काळ्याभोर दगडासाठी तुम्ही चौरस फुटाच्या हिशेबाने पैसे मोजलेत, ते वसूल नकोत का व्हायला? लाकडी पाट मुळीच घेऊ नका. त्याला कांद्याचा वास लागतो, पावसाळ्यात बुरशी धरते, वर तो धुवायला लागतो. काकडी थेट ओट्यावर आडवी करा आणि टकाटक चिरा. चांगल्या धारेचं टोक जेमतेम एका मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं असतं. आणि खाली काय, तर दगड. १८१२ साली मोस नावाच्या खनिजतज्ज्ञाने कठीणपणाची १ ते १० अशी मोजपट्टी केली. तिच्यावर सुरीचं पोलाद साधारण साडेपाचला येतं. ओट्याच्या दगडातला फेल्डस्पार ६, आणि क्वार्ट्झ असलाच तर तो ७. काकडी संपते, पातं दगडावर आपटतं आणि ती सूक्ष्म कड एका अंगाला वळते. काकडीने काही केलेलं नाही, ती बिचारी जवळजवळ पाणीच. सुरीचा निकाल लागतो तो काकडी संपल्यानंतरच्या त्या ‘टक्’ला.

दगडावर चिरायचा अगदीच धीर होत नसेल, तर स्टीलच्या ताटात चिरा. किंवा वास्तुशांतीला आलेला, द्राक्षांचं चित्र असलेला काचेचा बोर्ड काढा. सुरीच्या वाईटावर टपलेल्या माणसानेच तो काढला असावा.

आता पुढची पायरी, हिला थोडा सराव लागतो. कांदा चिरून झाला की सुरी उलटी करून पाठीने कढईत ढकलायचा मोह होईल. तो आवरा. धारेनेच, पातं आडवं धरून, खर्रर्र असा आवाज येईपर्यंत ओढा. खाली दाबून जे काम दहा दिवसांत होतं, ते आडवं खरवडून दोन दिवसांत होतं, कारण धार खालचा दाब थोडाफार सोसते, बाजूचा अजिबात नाही.

सुरीला भाजीत अडकवून ठेवणं हाही तिच्यावर अन्यायच. घरी रोज दोन-तीन पार्सलं येतात, त्यांच्या चिकटपट्ट्या कोण कापणार? पुठ्ठा हा धारेचा जुना वैरी आहे, हे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. हापूसची पेटी उघडणं, तुपाच्या डब्याचं झाकण उचकटणं, नारळाची शेंडी, फ्रीजरमधलं दगड झालेलं चिकन, गॅसच्या बटणाचा सैल झालेला स्क्रू, सगळं एकाच सुरीने. कोयता, कात्री, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घरात असतात, पण ते शोधावे लागतात.

काम झालं की सुरी बेसिनमध्ये टाका. लिंबू चिरलेली असेल तर उत्तम, मीठ लागलं असेल तर सोन्याहून पिवळं. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधत होता, त्यातून न गंजणारं पोलाद सापडलं. निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की त्यावर एक अदृश्य थर धरतो, तो गंज अडवतो. तो थर फोडायला मिठासारखी वस्तू नाही. तेव्हा रात्रभर कुकरखाली, आमटीच्या पातेल्यात सुरी बुडवून ठेवा. सकाळी भांड्यांच्या ताई येऊन तिला तारेच्या घासणीने घासतील, मग ती धुतलेल्या चमच्यांच्या जाळीत डोक्यावर उभी राहील. डिशवॉशर असेल तर हा सगळा सोहळा एका फेरीत उरकतो. शेवटचा मुक्काम ड्रॉवरमध्ये: सांडशी, किसणी, पावभाजीचं मॅशर आणि ही. ड्रॉवर जोरात ढकला.

अडसर एकच आहे, विळी. ती वेळीच माळ्यावर टाका. विळीचं पातं जागेवर उभं असतं आणि भाजी त्याच्यावरून सरकते. फोड पलीकडे ताटात पडते, धार हवेत राहते, कशावर आपटत नाही. म्हणून आजीची विळी महिनोन्‌महिने चालायची. असली वस्तू समोर असली की मुलं नको ते प्रश्न विचारतात. शिवाय मॉड्युलर किचनमध्ये मांडी घालायला जागा कुठे आहे?

जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात तर सुरण कापणाऱ्या मावशींकडे फार वेळ बघू नका. पातं घासून घासून निम्मं झालेलं, मुठीला चिंधी गुंडाळलेली, शेजारी ओला दगड. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात त्या दगडावरून पातं फिरवतात, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, बोलणं न थांबवता. तुमची सुरी दिसायला कितीतरी देखणी आहे, हे स्वतःला बजावत राहा.

धारवाल्याचा बंदोबस्त सोसायटीने केलेलाच आहे. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत धार लावणारा तो माणूस ‘फेरीवाल्यांना बंदी’च्या पाटीखाली वॉचमनने अडवला, आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुणाकडे धार लावणाऱ्याचा नंबर आहे का?’ आलं. तो कधी आत शिरलाच, तर त्याला कोरड्या चाकावर भरपूर ठिणग्या उडवायला सांगा. कड निळसर झाली की समजा, पोलादाला दिलेलं पाणी उतरलं, म्हणजे तापून त्याचा कठीणपणा गेला. आता लावलेली धार टिकणार नाही. संथपणे ओल्या दगडावर, प्रत्येक बाजूला पंधरा ते वीस अंश तिरकं धरून घासण्याएवढा वेळ कुणाला आहे? कपाच्या तळाचं खरखरीत कडंसुद्धा वेळेला धार लावून देतं, ही आजीची युक्तीही कुणाला सांगू नका. सुऱ्यांच्या संचाबरोबर आलेली ती गोल दांडी मात्र जपून ठेवा. वळलेली कड सरळ करायला ती देतात म्हणे; आपल्याकडे तिने बेसिनचा तुंबलेला पाइप मोकळा होतो.

घरच्यांनी जाब विचारला तर विज्ञान पुढे करा. २०२० साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की माणसाचा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही दाढीच्या पात्याच्या कडेचे टवके उडवतो. ते प्रयोग दाढीवर होते, भाजीवर नव्हते, हे सांगायची गरज नाही. ‘ही कोथिंबीर फार कडक आली होती’ म्हणा आणि विषय बदला.

एवढं केल्यावर आठव्या दिवशी टोमॅटोची साल सुरीला दाद देणार नाही. मग टोकाने भोसकून, वरून तळहाताचा जोर लावून तो फोडायचा. बोथट सुरी सटकते आणि बोट तिच्या वाटेत येतं, तेव्हा बँडेडचा डबा ओट्यावरच असू द्या. मोबाइल काढा, पाच सुऱ्यांच्या संचावर सवलत सुरू असेलच, सोबत सोलाणं फुकट. बटाटे सोलून घ्या तोवर.