रुग्णालय घरपोच मागवताना

अभिनंदन! तुमच्या जिल्हा रुग्णालयात शंभर खाटा वाढवायला मॉड्युलर बांधकाम मंजूर झालंय. म्हणजे वॉर्ड कारखान्यात बनणार, वायरिंग, ऑक्सिजनची पाइपलाइन, टाइल्स लावलेलं बाथरूम, सगळं आत बसवून ट्रेलरवरून येणार. इकडे पाया भरेपर्यंत तिकडे खोल्या तयार. वेळ वाचतो तो इथेच. वाचलेला वेळ घालवायचा कसा, एवढंच तुम्हाला शिकायचंय.

आधी एक पथ्य: फायलीत 'खोके' हा शब्द नको. आपल्या राज्यात त्याचा भाव वेगळा आहे. 'युनिट' लिहा.

भाषणात वुहान हवंच. २०२० साली तिथे हजार खाटांचं हुओशेनशान रुग्णालय जेमतेम दहा दिवसांत उभं राहिलं, टाळ्या घ्या. त्यासोबत लष्कराचे १,४०० डॉक्टर-नर्स वगैरेही आले, हे वाक्य गाळा. लोक उगाच आपल्या रिक्त पदांचं विचारतात.

ब्रुनेलचं तर नावच काढू नका. या इंग्रज इंजिनिअरनं १८५५ साली क्रिमियन युद्धातल्या सैनिकांसाठी लाकडी रुग्णालय इंग्लंडात सुटं बनवून जहाजानं तुर्कस्तानात रेन्किओइला धाडलं. पण गृहस्थानं वॉर्डांबरोबर सांडपाण्याच्या नळ्या आणि हवा खेळती ठेवायचे हातपंखेही पाठवले! सुमारे १,३०० रुग्णांपैकी ५० दगावले. त्या काळी हे नवलच. असा माणूस आपल्याकडे एक निविदा टिकला नसता. आपण खोल्या एका निविदेत काढतो, गटार दुसरीत, आणि ट्रान्सफॉर्मर कुणाच्या खात्यातून याचं पत्र अजून आवक-जावकमध्येच फिरतंय.

ट्रेलर यायच्या दिवशी फाटकावर स्वागत कमान उभारा. उंची मोजू नका. ट्रेलर अडेल, कमानीवर पालकमंत्र्यांचा फोटो असेल, आणि फोटो कुठून कापायचा यावर बैठक बसेल. चहा-बिस्किटांचं बिल आकस्मिक खर्चात टाका.

उद्घाटनाला गादीवरचं प्लास्टिक काढायचं नाही. त्यावर कक्षसेवक झोपवा, सलाइनची बाटली नुसती टांगून ठेवा. सुई टोचायला नर्स लागते.

आणि नंतर ओस पडलं म्हणून घाबरू नका. ही युनिटं उचलून दुसरीकडे नेता येतात, हाच तर त्यांचा मोठा गुण. निवडणुका लागायच्या आत शेजारच्या तालुक्यात हलवा आणि पुन्हा उद्घाटन करा. फीत तेवढी नवी आणा. जुनीवर वॉचमनची लुंगी वाळतेय.