पासंगाला आम्ही

सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं आणि नेमका तेव्हाच पुतण्याचा फोन येतो. तिकडे अमेरिकेत ऑस्टिनमध्ये रात्रीचे आठ वाजलेले असतात, पोरगा जेवूनखाऊन निवांत असतो. इकडे माझ्या एका हातात पाइप, दुसऱ्यात मोबाइल.

"काका, बोटीत वजन टाकायचंय. कसलं टाकू?"

तीस वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काढली. वजन कमी कसं करायचं हेच आजवर ऐकलं. आधी साहेबांनी कास्टिंगचं सांगितलं, रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी माझं. वाढवायचं कसं, हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी पाइप खाली टाकला.

प्रकरण असं की त्यानं आणि तीन मित्रांनी मिळून लेक ट्रॅव्हिस या तळ्यावर एक जुनी वेकबोर्डिंगची बोट घेतली. बोट ताशी पस्तीसेक किलोमीटरनं पळते, मागं दोरीला धरून एकजण फळीवर उभा राहतो आणि बोटीमागं उठलेल्या लाटेवरून या बाजूनं त्या बाजूला उड्या मारतो. बोट जितकी जड, तितकी पाण्यात खोल बसते, तितकं पाणी बाजूला सारते आणि लाट तितकी मोठी. आपल्याकडं नाव बुडू नये म्हणून नारळ बोलतात. हा ती अर्धी बुडावी म्हणून पैसे मोजायला निघालेला.

मी अर्थात बीड, म्हणजे ओतीव लोखंड सुचवलं. माणूस ज्यात मुरला तेच सुचवणार. तिकडं वजनासाठी बोटीत पाणी भरलेल्या पिशव्या टाकतात. तसली ४०० पौंडांची, म्हणजे १८१ किलोची पिशवी केवढी जागा खाईल? तेवढंच बीड तेलाच्या दीड डब्यात मावतं. शिसं घेतलं तर एक डबाही पुरता भरत नाही. हिशेब मी वाण्याच्या बिलामागं मांडला आणि फोटो पाठवला.

"काका, लाट अंगावर येऊन बोटीत पाणी भरलं तर लोखंड घेऊन बसेल ती खाली. पाण्याच्या पिशवीला पाण्यात वजनच नसतं. शिवाय ट्रेलरवर चढवताना तुमचं बीड उतरवणार कोण?"

तोवर शेजारचे कंत्राटदार कुंपणापाशी आले होते. त्यांच्याकडं गेल्या पावसाळ्यात धरलेल्या सिमेंटच्या सहा गोण्या पडून आहेत, दगड झालेल्या, वरचा कागद सुटून कोपरे गोल झालेले. गल्लीत कुणालाही काहीही हवं असलं की ते त्याच सुचवतात. मुलीच्या लग्नात मांडवाच्या खांबाला मी त्यातल्या दोन वापरल्यासुद्धा आहेत. पण गोण्या अमेरिकेला धाडायचा खर्च त्यांच्या घरावर चौथा मजला चढेल एवढा. मग ते वाळूवर आले. पुतण्या म्हणाला, पोतं फाटलं की वाळू तळाच्या पंपात जाते आणि पंप बसतो. एकंदर वजन किती, असं त्यांनी विचारलं. साडेसहाशे किलो ऐकून कपाळाला हात लावला आणि कानडीत म्हणाले, "भाळ आत्री!" फारच झालं म्हणे.

शेवटी पाण्याच्याच पिशव्या ठरल्या. पंपानं तळ्यातलंच पाणी भरायचं आणि घरी जाताना तळ्यातच सोडायचं. त्याचा पंप मिनिटाला पन्नासेक लिटर ओढतो, म्हणजे चारेक मिनिटांत एक पिशवी तट्ट. हे ऐकत मी आमच्या नळाच्या करंगळीएवढ्या धारेकडं बघत होतो. वजन म्हणून ओतायला त्यांच्याकडं पाणी आहे. असो.

आता पिशव्या ठेवायच्या कुठं? पोरांनी पहिल्या दिवशी दोन पिशव्या मागं टाकल्या. बोटीनं नाक वर केलं ते खाली येईना. चालवणाऱ्याला पुढचं तळं दिसेना, नुसतं आभाळ.

हे मी येळ्ळूरच्या थोरल्या चुलत्यांना सांगितलं. आप्पांचं वय चौऱ्याऐंशी. बोट त्यांनी टीव्हीतच पाहिलेली. तंबाखू मळता मळता ते म्हणाले, "उलाळ झाली की ती. पुढं घालायला सांग थोडं. लई घालू नको, नायतर बैलाच्या खांद्यावर जू बसतंय."

मागं भार जास्त झाला की बैलगाडी पुढून वर उठते, ती उलाळ. बोटीला बैल कुठला, हे आप्पांना समजावण्यात अर्थ नव्हता. पण ऊस भरलेली गाडी आणि वेकबोर्डिंगची बोट यांचा धडा एकच निघाला. पोरांनी ६५० पौंडांची तिसरी पिशवी पुढं टाकली आणि नाक खाली आलं. डाव्या-उजव्याचंही तेच. एका बाजूला पासंग राहिला की त्या बाजूची लाट बरी, दुसरीकडची फुटून नुसता फेस.

मला वाटलं, सुटलो. परवा पुन्हा साडेसहाला फोन.

"काका, आता वेकसर्फिंग करायचंय. दोरी सोडून नुसत्या लाटेवर. त्याला सगळं वजन एका बाजूला लागतं. डावा पाय पुढं ठेवणाऱ्याला डावीकडं, उजवा ठेवणाऱ्याला उजवीकडं."

"मग पिशव्या हलवा."

"भरलेली पिशवी हलते होय? माणसं बरी, सांगितलं की उठून पलीकडं बसतात. अन् पिशव्या-माणसं मिळून किती न्यायचं, ते बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. म्हणून म्हटलं, दोन पिशव्या काढतो, तुम्ही आणि काकू मे महिन्यात याच. तुमचं वजन किती?"

"ब्याण्णव."

"आणि काकूंचं?"

फोन स्पीकरवर होता. ही कळशी घेऊन मागंच उभी.

"किलोत विचारतोय की पौंडात?"

"पौंडात, काकू."

"मग नाही सांगत."

टाकी भरून पाणी गटारात चाललं होतं ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही. हिनं फोन माझ्या हातातून घेतला.

"येताना कुंदा किती आणू रे?"

"दोन किलो तरी आणा."

"बरं. आणि तोही डावीकडंच ठेवायचा?"