भावोजींचा अनुभव आणि माझ्या पीडीएफ

‘अनुभव असला की कागद लागत नाहीत. हे सेफ्टीचे चोचले गोऱ्यांना परवडतात.’ आमच्या भावोजींनी घरच्या ग्रुपवर हे टाकलं आणि खाली बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांचा अंगठा, रावपुऱ्यातल्या आतेभावाचा अंगठा, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचे जोडलेले हात.

विषय होता ओंकारचा, म्हणजे माझ्या भाच्याचा. बी.कॉम. झालाय, पोहण्यात पटाईत आहे, आणि आता त्याला कमर्शियल डायव्हर व्हायचंय. कुणा कंत्राटदाराने त्याला सांगितलं की कोर्सबिर्स नंतर बघू, आधी कामावर ये, धरणाच्या दरवाज्यांची साफसफाई आहे, करता करता शिकशील. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मी दिलं, बोटाने दोनतीनदा वर सरकवावं लागेल एवढं लांब. भावोजींचं वाक्य हे त्याला उत्तर. ते वाक्य गेले काही आठवडे माझ्या दातात अडकलंय.

मी स्वतः डायव्हर नाही. डायव्हर ज्या लोखंडी चेंबरमध्ये राहतात त्याची हवा सांभाळणारा, लाइफ सपोर्टवाला. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला घर, आणि पीटरहेडला जहाज लागलं की तिथून कामावर. शंभर मीटर खाली पाइपलाइनवर काम असेल तर माणसांना रोज वर-खाली करता येत नाही. म्हणून त्यांना जहाजावरच तळाइतक्या दाबात ठेवतात, बेल नावाच्या बंद लोखंडी डब्यातून खाली नेतात, काम झालं की बेलमधूनच परत चेंबरमध्ये आणतात. शरीरात जेवढा वायू मुरायचा तेवढा एकदा मुरला की मग आत आठवडा राहा नाहीतर तीन राहा, बाहेर यायला लागणारा वेळ तोच. अदमासे दर तीस मीटरला एक दिवस, आणि वर आणखी एक. म्हणजे आतल्या माणसाचं अपेंडिक्स दुखायला लागलं, तर तो माझ्यापासून एका जाड काचेपलीकडे असूनही चारेक दिवस लांब असतो. तो हीलियम मिसळलेला वायू श्वासात घेतो, म्हणून त्याचं चिरकं बोलणं यंत्रातून सरळ करून ऐकावं लागतं. त्याला संडासचा फ्लश ओढायचा असेल तर आधी मला विचारतो. झडप चुकीच्या वेळी उघडली तर काय होईल हे त्यालाही माहीत असतं नि मलाही. त्या उबदार दमट खोलीत स्यूडोमोनास नावाचा जंतू कानाची वाट लावतो, म्हणून कानात रोज थेंब घालायचे, कान ठणकत असो वा नसो. दरवर्षी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून तपासणी होते. नापास झाला तर तो पाण्यात उतरत नाही, मग वीस वर्षांचा अनुभव असो की तीसचा.

अनुभवाचंच म्हणाल तर १९८३ च्या नोव्हेंबरात नॉर्वेच्या हद्दीत बायफर्ड डॉल्फिन नावाच्या तेलाच्या रिगवर जे झालं ते मी भावोजींना पाठवलं होतं. त्यांनी उघडलं नसावं. बेल आणि चेंबर जोडणारा क्लॅम्प आतलं दार बंद व्हायच्या आधी उघडला गेला. नऊ वातावरणांचा दाब क्षणात एकावर आला. चार डायव्हर आणि बाहेरचा एक मदतनीस, असे पाच जण गेले. ती नवशिकी पोरं नव्हती, कामातली मुरलेली माणसं होती. चौकशीत ठपका आला मेलेल्या मदतनीसावर. पण दाब असताना तो क्लॅम्प उघडताच येणार नाही अशी सोय त्या यंत्रात नव्हती. आज ज्या जहाजावर मी काम करतो तिथे दाब असेल तर तो क्लॅम्प हलत नाही. तो कुणाला अनुभव विचारत नाही.

यावर भावोजींचं म्हणणं तयार असतं. त्यांनी ख्रिस लेमन्स या डायव्हरवरचा सिनेमा पाहिलाय. २०१२ च्या सप्टेंबरात, इथून पूर्वेला समुद्रात, जहाजाची जागेवर स्थिर राहण्याची संगणकप्रणाली बिघडली, जहाज वाहवत गेलं आणि खाली काम करणाऱ्या लेमन्सची नाळ, म्हणजे बेलमधून त्याच्यापर्यंत येणारी नळ्यांची जुडी, तुटली. वायू, गरम पाणी, उजेड, बोलणं, सगळं एकदम गेलं. पाठीवरच्या टाकीत पाचसहा मिनिटांचा साठा होता. त्याच्यापर्यंत पोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागला, आणि तो जगला. भावोजी म्हणाले, ‘बघ, शेवटी नशीब!’ नशीब होतंच, नाही कशाला म्हणू? पण जोडीदाराने त्याला बेलमध्ये ओढून घेतलं ती कवायत त्यांनी आधी केलेली होती, टाकी पाठीवर असावी हे कुणीतरी आधी लिहून ठेवलं होतं, आणि जहाज परत जागेवर आणणारी माणसं त्यासाठीच बसवलेली होती. एवढं सगळं झाल्यावर जे उरलं ते नशिबाच्या वाट्याचं. आपल्याकडे नशिबाला पहिल्या मिनिटापासून कामाला लावतात.

बडोद्याबद्दल हे मी उगाच म्हणत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात शाळेची सहल उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं, आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही. ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळ महीसागरावरचा गंभीरा पूल तुटला, किमान वीस माणसं गेली, आणि पुढे कित्येक दिवस चर्चा कशाची, तर तुटलेल्या टोकाला लटकलेल्या टँकरची. दोन्ही वेळा आमच्या ग्रुपवर आधी रडणं, मग शिव्या, मग नुकसानभरपाईचा आकडा, मग गुड मॉर्निंग. त्या गढूळ नदीत खाली उतरून माणसं शोधणाऱ्यांना काय दिसलं, त्यांच्या अंगावर काय होतं, त्यांच्यातला कुणी आजारी पडला का, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मला ते सुचलं ते नंतर, ओंकारचं निघाल्यावर.

इथे काय वेगळं आहे, तर कुणाचं काय झालं ते लिहितात आणि वाटतात. आयएमसीए म्हणून या धंद्यातल्या कंत्राटदारांची संघटना आहे, ती सेफ्टी फ्लॅश काढते. जहाजाचं नाव नसतं, कंपनीचं नसतं, घडलेलं मात्र सगळं असतं. अमक्याच्या हेल्मेटमध्ये पाणी कसं शिरलं, तमक्याची नाळ कशात अडकली. डीमॅक ही डायव्हिंगच्या डॉक्टरांची समिती आहे. तिची टिपणं दोनचार पानांची, रूक्ष, आणि अत्यंत उपयोगी. त्यातलं पंधरावं म्हणजे कामाच्या जागी कोणती औषधं आणि उपकरणं हवीत याची यादी. पहाटे तीन वाजता आतल्या माणसाची छाती भरून आली तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला आणि मला एकच यादी समोर दिसते. यात गोरं काय आहे? ऐंशीच्या दशकात ब्रिटिश हद्दीत साध्या हवेवर डायव्हिंग करणाऱ्यांच्या नोंदी गोळा केल्या, १९८२-८३ मध्ये किती जणांना बेंड्स, म्हणजे दाबातून वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जडणारा आजार, झाले ते मोजलं, आणि जितकं खोल तितका तळावरचा वेळ कमी, अशी मर्यादा घातली. कंपन्या कुरकुरल्याच असतील. पण मोजल्यावर वाद घालायला जागा कमी राहते.

मोजण्याचं हे वेड इकडचं जुनं. एडिंबरामध्ये जन्मलेल्या हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांना दाबाच्या टाकीत कोंडून, त्या लंगडतात की नाही हे पाहून, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं १९०८ मध्ये छापली. छापली, हे महत्त्वाचं.

कारण न छापलेली कोष्टकंही होती, आणि हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. भावोजींना दारूगोळा कशाला पुरवा? नॉर्वेच्या समुद्रात सुरुवातीच्या काळात उतरलेल्या डायव्हरांना कंपन्या आपापल्या कोष्टकांनी वर आणत. ती कोष्टकं धंद्याचं गुपित. जो लवकर वर आणेल त्याचं काम स्वस्त. पुढे ती माणसं आजारी पडली, आणि नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयातही हरली. शेवटी २०१३ च्या डिसेंबरात स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की या कोष्टकांतल्या धोक्यांची माहिती डायव्हरांना मिळेल हे सरकारने पाहायला हवं होतं. एवढा श्रीमंत, एवढा मोजूनमापून चालणारा देश, त्याची ही गत. आमच्या शहरातल्या विद्यापीठाने २००४ मध्ये एचएसई या ब्रिटिश सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्यासाठी केलेल्या पाहणीत विसराळूपणा किंवा चित्त न लागण्याची तक्रार डायव्हरांपैकी १८ टक्क्यांनी केली, समुद्रावरच्या इतर कामगारांपैकी ६ टक्क्यांनी. म्हणजे सगळे नियम पाळूनही काहीतरी लागतं. तो आकडा मात्र मी ओंकारला वेगळा पाठवला. ग्रुपवर नाही.

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या अपघाताचं तर मला इथेच कळलं, एका प्रशिक्षणात, स्लाइडवर. २७ जुलै २००५. मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली. ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली, हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. त्यात जहाज प्लॅटफॉर्मला धडकलं, रायझर, म्हणजे समुद्रतळातून वर येणारा तेल-वायूचा पाइप, फुटला, आग लागली, बावीस माणसं गेली. शिकवणारा म्हणाला, जहाज सोडावं लागलं तेव्हा चेंबरमध्ये सहा डायव्हर दाबात होते. त्यांना छत्तीस तासांनी सोडवलं. वर्गात एकदम सगळे माझ्याकडे वळले, जणू मीच त्यांना आत ठेवून आलो होतो. मी म्हणालो, आमच्याकडे नंतर समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे २००८ चे नियम आले, ओआयएसडी हे तेल उद्योगाचं सुरक्षा संचालनालय आहे, नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात या वैद्यकाचा चांगला विभाग आहे. खरंच आहे ते. भावोजींशी भांडताना यातलं एकही मी बोलत नाही. इथे देशाची वकिली करतो आणि घरी स्कॉटलंडची. दोन्हीकडे फी मिळत नाही.

ही सवय माझी बडोद्यापासूनची. तिथे आम्ही मराठी लोक म्हणजे दक्षिणी. इथल्या मराठी मंडळात पुण्याची मंडळी माझं मराठी ऐकून प्रेमाने विचारतात, ‘तुम्ही गुजराती ना?’ आणि शेजारच्या बाईंच्या हिशोबी मी बॉम्बेचा. सॅट कंट्रोलमध्ये, म्हणजे चेंबरवर नजर ठेवायच्या खोलीत, मात्र हे कुणी विचारत नाही. ऑक्सिजनचा आकडा चुकला तर अलार्म वाजतो, तो कुणाचा आहे ते न बघता. नियमांचं मला एवढं प्रेम का, याचं एक कारण हेही असावं. भावोजींना ते सांगता येत नाही. त्यांना शहरात कुणी कधी विचारलं नाही की तुम्ही कुठले. ते खंडेराव मार्केटमध्ये शिरले की भाजीवाला आईची चौकशी करतो. माझ्या आईची. तिचं दवाखान्यापासून सगळं तेच बघतात.

आणि भावोजींच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका कारखान्यात प्रेसखाली गेलं, तेव्हा ते तिशीत होते. ते अजून म्हणतात, ‘लक्ष नव्हतं माझं.’ दोन वर्षांनी त्याच प्रेसवर आणखी एकाचं गेलं, त्याचंही लक्ष नव्हतं. हात आत असताना प्रेस खाली येऊच नये यासाठी गार्ड असतो. तो त्या प्रेसला नव्हता, आणि पहिल्या बोटानंतर तो बसवावा असं कुणी कुठे लिहिलं नाही. हे ग्रुपवर टाकलं असतं तर वाद मी तिथल्या तिथे जिंकलो असतो. टाकवलं नाही.

ओंकारला मी कंत्राटदाराला विचारायचे प्रश्न दिले. बेंड्स झाले तर लागणारं दाबाचं चेंबर कुठे आहे, आणि ते चालवणारा कोण. धरणाचा दरवाजा बंद करून त्याला कुलूप लावल्याचं लेखी कोण देणार, कारण उघड्या दरवाज्याचा ओढा माणसाला तिथेच धरून ठेवतो, पोहणं कितीही चांगलं असो. राखीव डायव्हर तयार उभा असतो का. कोष्टक कोणतं वापरता. मागच्या अपघाताचा अहवाल दाखवा. कंत्राटदाराने शेवटच्या प्रश्नापर्यंत ऐकून घेतलं नाही म्हणे.

त्या रात्री भावोजींचा फोन आला, ग्रुपवर नाही, सरळ. ‘चेंबर तिथेच लागतं, की शहरातल्या हॉस्पिटलातलं चालेल?’ मी म्हणालो, मी जिथे काम करतो तिथे कामाच्या जागीच लागतं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘हे एवढं तुला येतं, तर इथे येऊन का नाही शिकवत पोरांना?’

मी पगार सांगितला. ते म्हणाले, ‘तो मला माहीतच आहे, ते नाही विचारलं.’ फोन ठेवल्यावर मी त्यांना आणखी एक पीडीएफ पाठवली.