लिनक्सचा आवाज बसला, म्हणून मधले थर उडवायचे?

लिनक्सवर आवाज येईनासा झाला की एक सल्ला हमखास पुढे ढकलला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अल्सा (साउंड कार्ड चालवणारा खालचा थर) एकटं पुरेसं आहे, पल्सऑडिओ आणि पाइपवायर (प्रोग्रामांचे आवाज एकत्र करून अल्साकडे देणारे वरचे थर) ही उगाच घातलेली भर, ती काढा, आवाज येईल. पल्सऑडिओने तर वाटच लावली. विंडोजमध्ये असली कटकट नाही, कारण तिथली रचना एकसंध आहे. आणि लिनक्सवाले दर काही वर्षांनी जुनं मोडून नवं मांडतात, म्हणून काहीच सुधारत नाही.

यामागचा वैताग खरा आहे. पण त्यातून काढलेला उपाय बऱ्याचदा चालू असलेलंही बंद पाडतो.

‘अल्सा एकटं पुरेसं आहे.’ अल्सा म्हणजे मुख्यतः कर्नलमधले, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातले, साउंड ड्रायव्हर. 2003च्या डिसेंबरमध्ये आलेल्या कर्नल 2.6पासून त्याने ओएसएस या जुन्या ड्रायव्हरसंचाची जागा घेतली. पल्सऑडिओ काय किंवा पाइपवायर काय, साउंड कार्डापर्यंत पोचतात ते अल्सामधूनच. म्हणजे ‘हे की ते’ असा प्रश्नच नाही. मदरबोर्डवरच्या साध्या चिपला दोन प्रोग्रामचे आवाज स्वतः एकत्र करता येत नाहीत. ते काम सॉफ्टवेअरलाच करावं लागतं, आणि थेट अल्सा वापरणाऱ्यांसाठी ते अल्साचाच डीमिक्स हा भाग करतो. थर नको म्हणणाऱ्यांच्याही मशीनमध्ये थर आहेच, फक्त तो त्यांना दिसत नाही. शिवाय चालू गाणं स्पीकरवरून ब्लूटूथ हेडफोनवर हलवणं डीमिक्सच्या आवाक्यात नाही. एकच कार्ड, एकच प्रोग्राम, कधी न बदलणारी जोडणी असेल तर नुसतं अल्सा उत्तम चालतं. डेस्कटॉप तसा नसतो.

‘पल्सऑडिओने वाट लावली.’ एके काळी, बऱ्याच अंशी, हो. 2007च्या नोव्हेंबरमध्ये फेडोरा 8 आणि 2008च्या एप्रिलमध्ये उबुंटू 8.04 या लिनक्सच्या वितरणांनी ते सर्वांच्या माथी मारलं, तेव्हा ते पुरेसं मुरलेलं नव्हतं. पुढे त्याने बफरमध्ये (वाजायच्या आवाजाच्या तात्पुरत्या साठ्यात) आवाज नेमका कुठवर वाजलाय हे ड्रायव्हरला वारंवार विचारायला सुरुवात केली, आणि अनेक ड्रायव्हर चुकीची उत्तरं देतात हे उघड झालं. ऐकणाऱ्याला खरखर पल्सऑडिओची वाटली. चूक पुष्कळदा खालच्या थरात आधीपासून होती.

पण सल्ला आजच्या मशीनसाठी दिला जातोय. फेडोरा 34पासून (एप्रिल 2021) आवाजाचं काम पाइपवायरकडे आहे, उबुंटू 22.10पासून तिथेही. प्रोग्राम अजून पल्सच्या भाषेत बोलतात आणि पाइपवायर ती समजून घेतं, त्यामुळे माहितीच्या पडद्यावर ‘पल्सऑडिओ’ हे नाव दिसत राहतं. ते बघून लोक पल्सची लायब्ररी उडवायला निघतात. पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर घालणारा-काढणारा प्रोग्राम) तेव्हा सोबत निघणाऱ्या डेस्कटॉपच्या निम्म्या भागांची यादी समोर ठेवतो, आणि ती न वाचता ‘हो’ म्हणणाऱ्यांची कमतरता नाही.

‘विंडोजमध्ये कटकट नाही, कारण रचना एकसंध.’ मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा मुद्दा. कटकट कमी आहे हे मान्य, पण कारण वेगळंच आहे. लॅपटॉपमधल्या ऑडिओ चिपला अनेक पिना असतात. कुठली पिन स्पीकरला, कुठली हेडफोनच्या जॅकला, कुठली माइकला, हे बोर्ड बनवणारा ठरवतो आणि बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) नोंदवतो. ती नोंद चुकीची किंवा अर्धवट असली की ड्रायव्हर भलत्याच पिनेवर आवाज सोडतो. पडद्यावर पट्ट्या नाचतात, स्पीकर मुका. कधी अँप्लिफायर वेगळ्या चिपवर असतो आणि त्याला जागं कसं करायचं हे फक्त कंपनीला ठाऊक असतं. विंडोजसाठी कंपनी ही सगळी दुरुस्ती आपल्या ड्रायव्हरमध्ये घालून देते. लिनक्सच्या कर्नलमध्ये तीच दुरुस्ती मॉडेलगणिक एकेक नोंद करून लिहावी लागते. एकट्या रियलटेक चिपांसाठीचा हा कोड हजारो ओळींचा आहे. तुमचं मॉडेल त्यात नसेल तर वरचा कुठलाही थर काढून आवाज येणार नाही.

विंडोजची रचना अखंड चालत आली, हेही खरं नाही. व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ऑडिओचा ढाचा नव्याने लिहिला आणि जुन्या गेममधले साउंड कार्डाच्या जोरावर चालणारे इफेक्ट बंद पडले. स्टुडिओवाले आजही विंडोजचा मिक्सर टाळायला स्टाइनबर्गचं एएसआयओ हे कार्डाशी थेट बोलणारं ड्रायव्हर-तंत्र वापरतात. आणि कॉल सुरू होताच ब्लूटूथ हेडफोनचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, तो दोन्हीकडे: जुन्या ब्लूटूथमध्ये माइक चालू झाला की चांगला स्टीरिओ मार्ग सोडून हँड्सफ्रीच्या मोनो मार्गावर यावं लागतं.

‘मोडून नवं मांडण्याची’ तक्रार पाइपवायरला लावणं तर उलटंच. आधी डेस्कटॉपला पल्सऑडिओ आणि संगीताच्या कामाला जॅक (हा प्रोग्राम, हेडफोनचा जॅक नव्हे) असे दोन सर्व्हर एकाच कार्डासाठी भांडायचे. पाइपवायर दोघांचे प्रोग्राम चालवतं.

खरी तक्रार करायचीच तर ‘डमी आउटपुट’ या दोन शब्दांवर करा. कार्ड ओळखलं गेलं नाही, फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचं सॉफ्टवेअर) सापडलं नाही की दुसऱ्या प्रोग्रामने कार्ड अडवून ठेवलंय, काहीच न सांगता सेटिंग्ज तेवढंच दाखवते. कारण बहुधा कर्नलच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं, पण सामान्य माणसाने तिथवर का जावं?

तोवर निदान क्रम तरी पाळावा. अल्सामिक्सर (अल्साच्या आवाजपट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) उघडून एफ6 दाबा. यादीत तुमचं कार्डच नसेल तर अडचण ड्रायव्हरची किंवा फर्मवेअरची. नव्या इंटेल लॅपटॉपवर साउंड ओपन फर्मवेअरचं पॅकेज राहून गेलेलं असू शकतं. कार्ड असेल आणि पट्टीखाली ‘एमएम’ दिसत असेल तर ते म्यूट आहे, एम दाबा. ‘ऑटो-म्यूट’ही बघा, हेडफोन नसताना तो आहे असं समजून स्पीकर बंद ठेवण्याची काही मशीनना खोड असते. एवढं करूनही शांतता असेल, तर मग पाइपवायरकडे वळा, आणि तेव्हाही काढून टाकायला नव्हे, रीस्टार्ट करायला.