थापाड्यांना शिक्षा का नाही? मिलिंदरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मिलिंदराव, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्स, नाहीतर 'छान लेख' आणि एक अंगठा याच्यापुढे सहसा कोणी जात नाही. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'ला मी जबरदस्त उपहास म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, कसला उपहास, दोन रिकामटेकडे श्रीमंत पोरगे तीन अंक थापा मारतात, कोणाला काही शिक्षा नाही, उलट दोघांनाही पाहिजे त्या मुली मिळतात, मुली पण इतक्या बिनडोक की नुसत्या 'अर्नेस्ट' या नावावर भाळतात, आणि लेखकाला या मंडळींचा राग येतच नाही तर मग टोचतं कुठे? वर 'आपला याच्याशी संबंध काय' हे आहेच.

तुमच्या बाजूने वजनदार माणूस आहे हे आधी सांगून टाकतो. १४ फेब्रुवारी १८९५ ला लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात हे नाटक आलं तेव्हा बर्नार्ड शॉने परीक्षणात साधारण हेच लिहिलं होतं, की हसू आलं खरं, पण विनोदी नाटक मनाला कुठे भिडलं नाही तर संध्याकाळ वाया गेल्यासारखी वाटते. शॉला नाटकातून जग सुधारायचं होतं, वाइल्डला तसली काही हौस नव्हती. पण सुधारायची हौस नाही म्हणजे टीका नाही, हे मला पटत नाही.

तुम्ही थापा मारणाऱ्यांकडे बघताय, मी म्हणतो त्या थापा कोणाला हव्या असतात ते बघा. त्या दोघांतल्या अल्जरनॉनने बनबरी नावाचा कायम आजारी, काल्पनिक मित्र बनवलाय, कशासाठी, तर मावशीचं जेवणाचं आमंत्रण चुकवायला. आणि मावशी म्हणजे लेडी ब्रॅकनेल काय म्हणते? हा बनबरी खरंच आहे का असं ती विचारत नाही. टेबलावरचा हिशोब चुकणार, नवऱ्याला वरच्या मजल्यावर जेवावं लागणार याचा तिला त्रास, आणि बनबरीने जगायचं की मरायचं ते एकदाचं ठरवून टाकावं एवढीच तिची अपेक्षा. दुसऱ्याचं, जॅकचं पण तसंच. गावाकडे हर्टफर्डशरला तो तरुण सिसिलीचा पालक, म्हणून तिथे चोवीस तास सज्जनपणाचा चेहरा घालून वावरावं लागतं, तो तब्येतीला मानवत नाही, म्हणून मग लंडनमध्ये अर्नेस्ट नावाचा वाया गेलेला खोटाच भाऊ, आणि लंडनला आला की जॅक स्वतःच अर्नेस्ट. सज्जनपणाची सक्ती नसती तर भावाची गरज पडली नसती.

आणि नोकर लेन! मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचेस अल्जरनॉनने स्वतःच फस्त केलेली असतात, आणि लेन कोणी न सांगता, चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगतो की दोनदा बाजारात जाऊन आलो, काकडी नव्हती, रोख पैसे देऊनही नव्हती. पगारी माणसाचं हे खोटं मला सगळ्या नाटकात सगळ्यात सफाईदार वाटतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मुलाखतीचा सीन. जॅकला लेडी ब्रॅकनेलच्या मुलीशी लग्न करायचंय, म्हणून बाई त्याच्यासमोर वही-पेन्सिल काढून बसतात. लग्नाळू मुलांची तिची यादी डचेस ऑफ बोल्टनच्या यादीशी जुळवलेली असते, दोघी मिळून काम करतात म्हणे. सिगारेट ओढता? हो. छान, माणसाला काहीतरी उद्योग पाहिजेच. उत्पन्न? वर्षाला सात-आठ हजार पौंड. जमिनीतून का गुंतवणुकीतून? गुंतवणुकीतून म्हटल्यावर बाईंना हायसं वाटतं. हे नुसतं विनोदासाठी नाही बरं का, अमेरिकेतून स्वस्त धान्य यायला लागल्यापासून इंग्लंडच्या जमीनदारांची कंबर मोडलेली होती आणि अर्थमंत्री हारकोर्टच्या १८९४ च्या बजेटने वारसांवर नवा इस्टेट कर बसवला होता. समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात तेव्हा हाच विषय चालू असणार.

मग येतात आईवडील. जॅक सांगतो की मी व्हिक्टोरिया स्टेशनच्या क्लोकरूममध्ये एका हँडबॅगेत सापडलो. झालं, स्थळ बाद! आमची मुलगी क्लोकरूममध्ये देऊन पार्सलशी सोयरीक करू का, असं विचारून बाई निघून जातात. मिलिंदराव, इथे एक गोष्ट बघा. नाव सोडलं तर या सीनमध्ये जॅक एक शब्दही खोटं बोलत नाही. अख्ख्या नाटकात हा माणूस सगळ्यात प्रामाणिक इथे असतो आणि हाकलला जातो तो इथेच. बाईंचा सल्ला काय, तर सीझन संपायच्या आत कुठून तरी निदान एक पालक पैदा करा. म्हणजे सरळ सरळ बनवाबनवी करायलाच सांगतायत ना!

याचा जोड-सीन तिसऱ्या अंकात आहे. सिसिली भाच्याला अजिबात योग्य नाही असं ठरवून बाई निघालेल्या असतात, जाता जाता सहज विचारतात की मुलीच्या नावावर काही आहे का. एक लाख तीस हजार पौंड, सरकारी रोख्यांत. बाई परत खाली बसतात आणि आता नीट बघितल्यावर मुलगी फारच आकर्षक असल्याचं त्यांना दिसायला लागतं. वर सांगतात की पैशासाठी केलेली लग्नं मला पसंत नाहीत. जॅक आणि अल्जी खोटं बोलतात तेव्हा आपण खोटं बोलतोय हे त्यांना माहीत असतं, बाईंना मात्र आपण कधी खोटं बोलतो याचा पत्ताच नसतो, आणि माझ्या मते वाइल्डचा बाण तिथेच आहे.

मुली बिनडोक हे तर अजिबात मान्य नाही. सिसिलीने अर्नेस्टला, म्हणजे जॅकच्या त्या खोट्या भावाला, बघायच्याही आधी त्याच्याशी साखरपुडा उरकलाय, त्याची पत्रं स्वतःच आठवड्यातून तीनदा लिहिलीत, मध्ये एकदा साखरपुडा मोडून परत जोडलाय पण, सगळं डायरीत तारखेसकट. दोन्ही पुरुष तिच्यापुढे कच्चे लिंबू आहेत.

'आपला संबंध' म्हणाल तर सिसिलीची शिक्षिका मिस प्रिझम आठवा. ती सिसिलीला अर्थशास्त्र वाचायला सांगते पण रुपयाच्या घसरणीचं प्रकरण गाळायला सांगते, कारण ते जरा जास्तच सनसनाटी आहे. एकेकाळी दोन शिलिंगच्या आसपास असलेला आपला रुपया चांदीचा भाव पडल्यामुळे तेव्हा सव्वा शिलिंगच्याही खाली आला होता. जून १८९३ मध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून द्यायचं बंद केलं. होम चार्जेस, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा इंग्लंडमधला खर्च, द्यायचे पौंडात आणि महसूल गोळा करायचा रुपयात, म्हणजे रुपया जेवढा पडेल तेवढा इथल्या लोकांवर बोजा. त्याच लंडनमध्ये तेव्हा दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीचे खासदार होते आणि हिंदुस्थानातून पैसा कसा वाहून जातो ते जीव तोडून सांगत होते. वाइल्डला रयतेची काळजी होती असा माझा दावा नाही, पण जे प्रकरण आपल्याकडे लोकांच्या पोटावर येत होतं ते हर्टफर्डशरच्या बागेत 'मुलींनी वाचू नये' एवढंच उरतं, हा विनोद मला तरी नुसता गोड लागत नाही.

राहिली शिक्षा. ती होती! मूळ नाटक चार अंकी होतं आणि त्यात 'अर्नेस्ट'ने हॉटेलची बिलं बुडवली म्हणून त्याला पकडायला माणूस येतो, हॉलोवेच्या तुरुंगात न्यायला. नाटक तीन अंकी करायचा आग्रह नट-व्यवस्थापक जॉर्ज अलेक्झांडरचा, त्यात तो सीन गेला. आणि एप्रिल १८९५ मध्ये स्वतः वाइल्डला अटक झाली तेव्हा खटल्याआधी त्याला ठेवलं हॉलोवेलाच. मे मध्ये दोन वर्षं सक्तमजुरी. दरम्यान थिएटरने जाहिरातींवरून लेखकाचं नाव काढलं आणि नाटक मात्र काही आठवडे चालू ठेवलं. लेडी ब्रॅकनेलला यात काही वावगं वाटलं नसतं.

शेवटच्या योगायोगाबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही, जॅक अल्जरनॉनचा हरवलेला भाऊ आणि नावानेही खराच अर्नेस्ट निघतो, बॅग, मिस प्रिझम, लष्कराची यादी, सगळं धावपळीत उरकलंय. आणि तुम्ही म्हणता नाटक नुसतं वाचलंय, तर १९५२ चा अँथनी अस्क्विथचा सिनेमा बघा, त्यात एडिथ एव्हान्स 'हँडबॅग' एवढं एकच जे काय म्हणते त्याचं ओझं पुढच्या सगळ्या लेडी ब्रॅकनेल वाहतायत. ते बघा आणि मग परत भांडायला या.