एक सेकंद, सावकाश

माझ्याकडे फिल्मचे दोन कॅमेरे आहेत, एक इलेक्ट्रॉनिक आणि एक मेकॅनिकल. पहिला ऐनवेळी दगा देतो, दुसरा वेळेतच दगा देतो.

सूर्योदयासाठी त्या दिवशी पहाटे चारला उठलो. डोंगरावर ट्रायपॉड मांडला, इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याचं बटण दाबलं. ढिम्म! आतल्या दोन बटणसेलांनी थंडीत मान टाकली होती. या जातीत सेल गेले की शटर, म्हणजे फिल्मसमोरचा पडदा, सुटतच नाही. १९७६ साली 'कॅनन एई-१' मायक्रोप्रोसेसर घेऊन आला तेव्हा केवढं कौतुक झालं! पण बॅटरी संपली की त्यालाही पेपरवेटचंच काम. 'निकॉन एफई२' मध्ये निदान थोडी माणुसकी होती, बॅटरीशिवायही १/२५० सेकंद हा एक वेग चालायचा.

मग मेकॅनिकल बाहेर काढला. आत नुसत्या स्प्रिंगा आणि दातेरी चाकं, सेल लागतो तो उजेड मोजणाऱ्या मीटरपुरता. तोही मुळात १.३५ व्होल्टचा, पाऱ्याचा. तसे सेल मिळायचे बंद झाले म्हणून मी १.५ चा बसवलाय. तेव्हापासून मीटरला अंधारातही भरपूर उजेड दिसतो. त्यामुळे त्याचं मत न विचारता अंदाजानंच एक सेकंद लावला आणि केबल रिलीज दाबली.

खट्ट. घर्रर्र... घर्र...

वंगण वाळून चिकट झालेलं. मंद वेगांची चाकं त्यातून पाय ओढत निघालेली.

"झाला का फोटो?" बायकोनं विचारलं.

"होतोय."

"अजून?"

"एक सेकंदाचा आहे."

...खट्ट.

घड्याळावर मोजलं तर दोन सेकंद भरले. म्हणजे प्रकाश दुप्पट, एक स्टॉप जास्त. पुढे दोन्ही कॅमेरे तपासून घेतले. १/१००० सेकंदावर लावलेलं मेकॅनिकल शटर १/६०० च्या आसपास रेंगाळत होतं. "वयाच्या मानानं उत्तम," दुरुस्तीवाले म्हणाले, अगदी आजोबांच्या तब्येतीबद्दल बोलावं तसं. इलेक्ट्रॉनिकचा प्रत्येक वेग मात्र जवळपास जिथल्या तिथे! जिवंत असेल तेव्हा तो खोटं बोलत नाही, एवढं मान्य करायला हवं.

रोल धुऊन आला तर फोटो झकास. निगेटिव्ह फिल्म एखादा स्टॉप जास्तीचा प्रकाश ढेकर न देता पचवते. स्लाइड फिल्म असती तर अर्ध्या स्टॉपलाच तिनं अब्रू काढली असती.

"अंदाज चांगला आहे हं तुझा," बायको म्हणाली. मी नम्रपणे मान हलवली.

परवा पुन्हा डोंगरावर गेलो. या खेपेला जादा सेल शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. कॅमेरा उलटा केला. सेलचं झाकण फिरवायला त्या खाचेत नाणं घालावं लागतं. खिसे चाचपले. हल्ली सगळे पैसे मोबाईलमध्ये असतात.

मी मुकाट्यानं दुसरा कॅमेरा काढला.

"आता किती वेळ?"

"एक सेकंद."

ती जवळचा दगड बघून खाली बसली.