सात दिवसांचे सिमेंट समुद्री टाकीत घालू नका

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या रविवारी मोठ्या उत्साहाने मला घरी बोलावले. गॅलरीत चार फूट लांब आणि दीड फूट उंच थर्माकोलची शीट उभी होती, तिच्यावर पांढऱ्या सिमेंटचे खडक खरोखर सुरेख कोरलेले होते आणि शेजारी व्हिनेगरच्या दोन बाटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हे बॅकग्राउंड, म्हणजे मागच्या काचेला लावायचा देखावा, समुद्री माशांच्या टाकीत बसवायचे आणि संध्याकाळी क्लाउन फिशची जोडी सोडायची, असा त्याचा बेत होता. मी थांब म्हणालो, तेव्हा त्याचे उत्तर होते, “मामा, सात दिवस झाले की! आता काय होतंय?”

हे सात दिवस व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका निरोपातून आले आहेत. समुद्री टाकीसाठी घरच्या घरी खडकाचे बॅकग्राउंड कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. पांढरे सिमेंट वापरा, त्यात चुना नसतो. आत चिकन मेश, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी जाळी घाला. सात दिवस पाणी मारा, मग अर्धा तास व्हिनेगर चोळा आणि मासे सोडा. सिमेंटच्या वजनाने थर्माकोल बसून राहतो, चिकटवायची गरज नाही. असे बॅकग्राउंड असले की फिल्टर लागत नाही. शेवटी, खरा समुद्र दिसावा म्हणून मालवणहून मेलेले प्रवाळ आणून वर बसवा, ते फुकट मिळते. हाच निरोप मला आतापर्यंत चार जणांनी पाठवला आहे. आता तो घरातच पोहोचला असल्यामुळे सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

सात दिवसांचा आकडा बांधकामातला आहे. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस 456 या भारतीय मानकात साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान 7 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान 10 दिवस ओले ठेवावे, असे सांगितले आहे, आणि ताकद मोजली जाते ती 28 व्या दिवशी. हा सगळा हिशेब स्लॅब किती भार पेलेल याचा आहे. त्या स्लॅबला लागलेल्या पाण्यात कोणी श्वास घेणार आहे, असे त्यात कुठेही गृहीत धरलेले नाही. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होते तेव्हा त्यात विरलेला चुना तयार होतो, आणि त्या चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप; सातच्या वर अल्कधर्मी) साडेबाराच्या जवळ जातो. समुद्राच्या पाण्याचा पीएच सुमारे 8.1 ते 8.3 असतो. पीएचच्या मोजपट्टीवर एक आकडा चढणे म्हणजे दहा पटींचा फरक, हे लक्षात घेतले तर या दोहोंमधले अंतर किती मोठे आहे ते कळेल.

टाकीत याचे दोन परिणाम होतात. खारे पाणी काही प्रमाणात हा मारा सोसते, पण सोसता सोसता त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसते आणि पाणी दुधाळ होते. दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही आणि तोच जीवघेणा आहे. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया येतच असतो. 25 अंश तापमानाला आणि 8.1 पीएचला त्यातला साधारण विसावा हिस्साच विषारी रूपात असतो. पीएच 9 झाला की तोच हिस्सा जवळजवळ एक तृतीयांश होतो. म्हणजे अमोनिया कणभरही न वाढता त्याचे विष सहा-सात पटींनी वाढते. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू अजून रुजलेले नसतात, त्यामुळे माशाच्या कल्ल्यांना सुटका उरत नाही.

व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल असते. ते सिमेंटच्या वरच्या पापुद्र्यातला चुना मारते आणि त्याबरोबर वाळूला धरून ठेवणारे सिमेंटही खाते. आतला चुना जिथल्या तिथे राहतो आणि पुढचे कित्येक आठवडे छिद्रांतून झिरपत राहतो. मी भाच्याच्या बॅकग्राउंडचा बोटाएवढा टवका काढला, व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवला, धुतला आणि नळाच्या पाण्याने भरलेल्या तांब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पीएच मोजायच्या टेस्ट किटचे थेंब घातले. कार्डावरचा शेवटचा रंग 8.8 चा जांभळा आहे, आणि नळीतले पाणी त्याहून गडद होते. भाचा नळी खिडकीजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहत होता.

पांढऱ्या सिमेंटमध्ये चुना नसतो, हे विधान कुठून आले ते मला समजत नाही. पांढरे सिमेंट हे पोर्टलँड सिमेंटच आहे. त्यात लोह अगदी कमी असते, म्हणून रंग पांढरा येतो. चुना करड्या सिमेंटइतकाच सुटतो.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. सिमेंटमधले कॅल्शियम प्रवाळांना उपयोगी पडते, असे निरोपात ओझरते म्हटले आहे आणि त्यात तथ्य आहे. अनुभवी प्रवाळपालक चुन्याची निवळी मुद्दाम टाकीत देतात. पण ती रात्री, थेंब थेंब आणि पीएच मोजत देतात.

चिकन मेशबद्दल थोडक्यात सांगतो. जाळीवरचा जस्ताचा मुलामा खाऱ्या पाण्यात सुटतो आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना तो मारक ठरतो. त्यानंतर लोखंड गंजून फुगते आणि सिमेंट फोडते. बळकटी हवीच असेल तर प्लास्टिकची जाळी वापरावी.

वजनाने थर्माकोल बसून राहतो, हा दावा मात्र हिशेबात अजिबात टिकत नाही. चार फूट बाय दीड फूट बाय दोन इंच शीट सुमारे 28 लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिला 28 किलोच्या आसपास उचल मिळते. वर सेंटिमीटरभर सिमेंट चढवले तरी पाण्यातले त्याचे वजन सहा किलोच्या आसपासच राहते. उरलेली बावीस किलोंची उचल कोणी तरी धरून ठेवायला हवी, आणि ते काम कोरड्या, स्वच्छ काचेवर भरपूर लावलेले, बुरशीनाशक नसलेले सिलिकॉनच करते. बाथरूमसाठी विकले जाणारे, बुरशी रोखणारे सिलिकॉन येथे चालत नाही.

फिल्टरचा दावा अर्धा खरा आहे. सच्छिद्र खडकावर उपयोगी जिवाणू वाढतात. परंतु पाठ काचेला चिकटलेल्या बॅकग्राउंडला पाणी एकाच बाजूने लागते, आणि जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात.

आता मालवणच्या प्रवाळाविषयी. या एका ओळीसाठी तो निरोप पुढे पाठवणे ताबडतोब थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत. ‘मेलेले आहे, त्याला काय होते’ या युक्तिवादाला त्या कायद्याचे कलम 39 सरळ उत्तर देते: वन्य प्राणी मृत सापडला तरी तो शासनाच्या मालकीचा असतो आणि परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. अनुसूची 1 मधील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. भाच्याचे दोन मित्र येत्या रविवारी गगनबावड्याच्या घाटाने पोती घेऊन निघणार होते. हौसेपोटी ही मुले केवढ्या संकटात पडली असती, या विचाराने मला अजून अस्वस्थ व्हायला होते. शिवाय जिवंत प्रवाळाची पिल्ले याच मेलेल्या सांगाड्यांवर बसून वाढतात. आपण उचलतो तो पुढच्या पिढीचा पाया असतो.

प्रवाळासारखा पोत हवा असेल तर कोंबडीखाद्याच्या दुकानातला शिंपल्यांचा चुरा सिमेंटमध्ये कालवावा आणि त्यात खडे मीठ मिसळावे. मीठ पाण्यात विरघळून गेले की मागे छिद्रे राहतात. रंगासाठी जुन्या घरांच्या कोब्यात घालत तो लाल किंवा काळा ऑक्साईड पुरेसा आहे. त्यानंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे, आणि बदललेले पाणी 48 तासांनीही नळाच्या पाण्याइतकाच पीएच दाखवू लागेपर्यंत वाट पाहावी. मी स्वतः सहा आठवड्यांच्या आत एकही तुकडा टाकीत घातलेला नाही.

भाच्याचे बॅकग्राउंड सध्या टाकीतच, पण गोड्या पाण्यात आहे. बुडवताना ते आम्हा दोघांना दाबून धरावे लागले, आणि आता वर आडवी फळी बांधून ते खाली ठेवले आहे. नळाच्या पाण्याचा पीएच 7.6 आहे. काल तिसऱ्यांदा बदललेल्या पाण्याचा रंग अजून 8.8 वरच होता. क्लाउन फिशची जोडी दुकानदाराने आपल्याकडेच ठेवून घ्यायचे कबूल केले आहे.